गवताची डॉक्टर

मालकाने माझ्या तोंडात गवत कोंबलं. मूठभर, मुळासकट, मातीसकट. दोघांनी माझे हात मागे पिरगाळून धरले होते.

"मेंढराची औलाद! गवतासाठी भांडती व्हय? खा मग."

मागे ट्रॅक्टर चालूच होता. माणसं हसत होती. "माणसाची न्हाई, ढोराची न्हाई, गवताची डाक्टर म्हनं!"

हो, गवताची. जीवशास्त्रात डॉक्टरेट केली, शहरातली नोकरी सोडली, वडवणीजवळच्या आमच्या गावी परत आले. गायरानाच्या उघड्या मुरमावर बी टाकलं, पाणी अडवलं, चराईच्या पाळ्या लावल्या. गवत उभं राहिलं. चंडोल आले, मागोमाग लांडगा. आम्हा धनगरांची मेंढरं उन्हाळ्यातही गावातच राहिली. जमीन सुधारली आणि मालकाच्या डोळ्यात भरली. गावचा जमीनदार, पुढारी माणूस. गाव मुठीत. त्या सकाळी तो गायरान नांगरून बळकवायला आला. मी ट्रॅक्टरसमोर उभी राहिले, एवढंच.

कुसळं टाळूत रुतली. जिभेखाली रुतली. रक्त आलं.

आबा, माझे वडील, कळप सोडून धावत आले. वाटलं, काठी उगारतील. त्यांनी काठी खाली ठेवली आणि मालकाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलं तिचं, मालक. सोडा. यंदाबी तुमच्या रानात मेंढरं बसवतो, फुकट खत देतो."

मालकाने एक पाय उचलला. आबांच्या मानेवर ठेवला. गवताची दुसरी मूठ माझ्या तोंडाशी आणली.

मी चावले. बोटाचं हाड दातांना लागेपर्यंत चावले.

तो किंचाळला. माझे हात सुटले. त्याची लाथ बरगडीत बसली. मी पडले, उठले, आबांना दंडाला धरून उठवलं. रक्त बघून ड्रायव्हरने ट्रॅक्टर बंद केला.

"बंद कावून केला बे? तिच्या पायाबी पडतो का आता?" मालक त्याच्यावर ओरडला. ड्रायव्हरने ट्रॅक्टर पुन्हा चालू केला नाही.

पुढची कामं मी तिथेच ठरवली. आधी सरकारी दवाखाना, मग पोलीस ठाणं, मग ग्रामसभा. दवाखान्याकडे जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये आबा म्हणाले, "मिटव, माय. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

"म्हणूनच मिटवायचं न्हाई."

ते रडायला लागले. मी थांबले नाही.

"आबा, तुमच्या मानेवर पाय होता. हे ठाण्यात तुमी सांगायचं, तुमच्या तोंडानं. न्हाई सांगितलं तर मी सांगीन, तुमच्यासमोर. आणि पुन्हा त्याच्यापुढं वाकलात, तर मी त्याच्याशी लढताना तुमच्याशीबी लढीन."