ब्रायनीची पाचवी मोटर

माझी मुलगी ब्रायनी सव्वीस वर्षांची आहे आणि कुत्र्यांना आंघोळ घालून पोट भरते. ग्रिम्सबीत आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे दुकान आहे, तिथे दिवसभर लोकांचे केसाळ, चावरे, थरथरणारे कुत्रे तिच्या हाताखालून जातात. संध्याकाळी घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लढाऊ यंत्र बांधते. वजन दीड किलो, एक ग्रॅमसुद्धा जास्त चालत नाही. पुढे पोलादी पट्टी, आणि ती इतक्या वेगाने फिरते की दिसेनाशी होते. समोरच्याच्या यंत्राला त्या पट्टीने उडवायचं, एवढाच खेळ. यंत्राचं नाव बॅजर.

मला त्या पट्टीची भीती वाटते. माझे वडील लाकडाच्या वखारीत होते आणि त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. ब्रायनीची बोटं लांब आहेत, अगदी त्यांच्यासारखी.

चार स्पर्धांत चार मोटरी जळाल्या, पट्टी फिरवणाऱ्या. दर वेळी पहिल्याच फेरीत धूर, आणि मग बॅजर नुसता ढकलाढकली करत हरायचा. पाचवी मोटर आणली तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "आई, ही जळली तर संपलं. सगळं विकून टाकते."

मी तोंडाने "बघू" म्हणाले. मनातून मात्र ती जळावी अशीच माझी इच्छा होती. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

डॉनकास्टरच्या क्रीडा सभागृहात मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर गेले. एका बाजूला जाड पारदर्शक भिंतींचा पिंजरा, दुसऱ्या बाजूला दुरुस्तीची लांब टेबलं. शिक्षक, नर्स, बसचालक, सगळे आपापल्या यंत्रांवर वाकलेले. लढतीआधी प्रत्येकाला लहान पेटीत पट्टी फिरवून दाखवावी लागते. ब्रायनीने अडसर काढला. पट्टीला लावलेली ती लोखंडी खीळ असल्याशिवाय यंत्राला कोणी हात लावत नाही. पेटी बंद करून तिने कळ दाबली. पट्टी गरगरली, अडखळली, आणि पेटीत निळसर धूर भरला.

मला हायसं वाटलं. मग मी तिचा चेहरा पाहिला आणि ते हायसं वाटणं तिथेच विरलं.

"पहिली लढत कुणाशी?" शेजारच्या टेबलावरून एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं.

"तुमच्याशीच, ऑल्विन."

ऑल्विन टीझडेल म्हणजे निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, गेल्या वर्षीचे विजेते. ते उठून आले, चष्मा कपाळावर चढवला. "अगं पोरी, मी दोन तास गाडी हाकत आलोय ते बंद पडलेल्या खोक्याशी लढायला नव्हे. उघड बघू."

तिने मोटर सोडवली. जळक्या रोगणाचा वास सुटला. आतली तांब्याची गुंडाळी एका जागी खरवडून काळी पडली होती. ऑल्विननी मोटर बसवायचे स्क्रू तळहातावर घेतले.

"किती जाळल्यास आजवर?"

"ही पाचवी."

"आणि स्क्रू?"

ब्रायनी त्यांच्या तळहाताकडे बघायला लागली.

"पाचही वेळा हेच?"

"एकाच पाकिटातले," ती हळूच म्हणाली.

"मिलिमीटरभर लांब आहेत. दर वेळी आत जाऊन तारेला टोचतात. मोटरींचा काय दोष बिचाऱ्यांचा!" ते इतक्या जोरात हसले की चार टेबलांवरची माणसं वळली. "हे कळेपर्यंत मी तर तीन पाकिटं वापरली होती, तुझं बरं."

मग त्यांनी आपल्या डब्यातून दोन मोटरी काढून तिच्यापुढे ठेवल्या. एक लहान, अतिशय वेगवान. दुसरी जाडजूड, संथ. "घे कुठलीही."

"तुमच्याशीच लढायला?" मी न राहवून विचारलं.

"बाई, इथे असंच असतं," ते म्हणाले, जणू मी पाणी ओलं का असतं असं विचारलं होतं.

ब्रायनीने डोळे मिटले. एकेक मोटर बोटांनी अगदी हळू फिरवली, आतल्या चुंबकांचे हिसके मोजत. घाबरलेल्या कुत्र्याच्या बरगड्यांवरून ती असाच हात फिरवते, मी पाहिलंय.

"आजवर मी आकड्यांना भुलले," ती म्हणाली. "जळली की आणखी वेगवान आणायची. पण प्रत्येक टक्कर झाली की पट्टी थांबते, आई. पुन्हा शून्यातून उचलायची. चढावर सायकल जड गिअरमध्ये काढावी तशी ही लहान धापा टाकेल. ही जाडी लगेच उचलेल."

जाडी जळलेल्या मोटरीपेक्षा तीस ग्रॅम जास्त होती. बॅजरचं कवच माझ्याच जुन्या प्लास्टिकच्या चिरण्याच्या पाटाचं होतं. वजन उतरवायला तिने त्याला भोकं पाडायला सुरुवात केली, मी स्क्रू कानशीने घासायला. कुणी सांगितलं नव्हतं. काट्यावर आकडा आला चौदाशे अठ्ठ्याण्णव.

लढत तीन मिनिटांची. पहिल्या टकरीचा आवाज माझ्या दातांत गेला. ऑल्विनच्या यंत्राचं एक चाक छताला आपटून खाली आलं. बॅजरची पट्टी थांबली आणि माझ्या डोळ्यांसमोर, श्वास घ्यायच्या आत, पुन्हा दिसेनाशी झाली. पुन्हा टक्कर, पुन्हा तसंच. माझ्या टेबलावर, माझ्या पाटातून, त्या लांब बोटांनी हे घडवलं होतं, आणि मी सव्वीस वर्षं फक्त ती बोटं मोजत बसले होते.

घंटा झाली तरी पट्टी फिरतच होती. ती पूर्ण थांबेपर्यंत दार उघडत नाहीत. सगळं सभागृह उभं राहून ती मंदावताना पाहत होतं. मग ब्रायनी आत गेली, अडसर घातला, आणि मोटरीवर तळहात ठेवला.

"कोमट आहे!" ती ओरडली.

पंचांनी एका गुणाच्या फरकाने ऑल्विनना विजयी ठरवलं. ते आमच्या टेबलाशी आले तेव्हा ती त्यांची मोटर सोडवायला लागली होती.

"राहू दे. चाक मात्र भरून दे," ते म्हणाले. "आणि नवं पाकीट आण स्क्रूचं, आखूड."

घरी आल्यावर मी माझा चिरण्याचा चांगला पाट, फार महागाचा नव्हे पण नवाकोरा, तिच्या हत्यारांशेजारी ठेवला. हल्ली मी गाजरं ताटलीत चिरते.