तंबाखूची भुकटी

बस निपाणीत शिरली की तंबाखूचा उग्र वास येतो आणि माझी बोटं अजूनही चिकट वाटू लागतात.

तेव्हा मी बेळगावात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, सुट्टीत निपाणीला घरी आलो होतो. माझी आक्का तंबाखूच्या वखारीत कामाला होती; तिथं माझ्यासमोरच तिच्या टाचेत मातीतला गंजका खिळा खोल घुसला. तिथं सगळ्याच बायका करायच्या तसं तिनं तंबाखूची भुकटी पुढं केली.

"दाब रं. रगत थांबतंय."

"आक्का, सुई घ्यायला पायजे."

"चार बुकं वाचलीस आन् आमाला शिकवतोस व्हय?"

बायका हसल्या. मी ओशाळलो. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हवा न लागणाऱ्या खोल जखमेत वाढतात, हे मी महिन्यापूर्वीच परीक्षेत लिहिलं होतं. तरी भुकटी मीच दाबली, चिंधीही मीच बांधली.

"हात लई हलका हाय माझ्या भावाचा," ती कौतुकानं म्हणाली.

आठव्या दिवशी तिचा जबडा उघडेना. त्यातून ती उठलीच नाही.

आता मी नर्सिंगच्या मुलींना तोच धडा शिकवतो. दरवर्षी एखादी विचारते, "सर, धनुर्वात टाळता येतो?"

"येतो," मी सांगतो. "एका सुईनं."