सरांचं मानपत्र

सरांच्या निवृत्तीचं मानपत्र लिहायला मला सांगितलं, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला जाऊन सात महिने झाले होते. सर तिचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक. मी ग्रंथालयात काम करतो, चार ओळी बऱ्या लिहितो, म्हणून समितीतले माजी खेळाडू घरी आले. मी लगेच हो म्हटलं. छपाई आणि चौकटही माझ्याकडेच घेतली. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. मला फक्त आधी कुणी वाचायला नको होतं.

बहीण बारावीत होती तेव्हा संघाचे निम्म्याहून जास्त गुण एकटीचे असत. दोघीतिघी अंगावर आल्या तरी ती मधून निघायची. भर बाजारात आमची आई मासळीची टोपली घेऊन कुणाला धक्का न लावता चालते, तशी.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तिचा गुडघा मुरगळला. पाय तीन आठवडे टेकायचा नाही, अशी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. सरांनी ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि तिला म्हणाले, "उद्या राज्याच्या निवडीला माणसं येतायत गो. नाय खेळलीस तर मग आईबरोबर टोपली घेऊन बस." मला म्हणाले, "सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरातून बर्फ आण. पाय बधिर झाला की दुखणार नाय."

मी आणला. मासळीवर घालतात तो, पोत्यातला. मध्यंतरातही तो तिच्या गुडघ्याला बांधला. उत्तरार्धात ती उडी मारून उतरली आणि पाय आत वळला. तिला ते कळलंच नाही. पुढे धावायला गेली तेव्हा पडली.

संघ जिंकला. ती पुन्हा खेळली नाही. पुढची वीस वर्षं जिना उतरताना कठडा धरायची. सर गावभर सांगत, "मी नको म्हणत होतो. पोरगी ऐकेना." मी त्यांच्याकडे जायला निघालो की ती अडवायची.

"राहू दे रे दादा. मी आहे तोवर तरी गप्प बस."

मी गप्प बसलो. मग काविळीनं ती गेली.

समारंभात मानपत्र मीच वाचलं. सर शाल पांघरून, हातात नारळ घेऊन उभे होते. वाचन संपेपर्यंत सत्कारमूर्तीला बसता येत नाही, हे मी लिहितानाच धरून चाललो होतो. पहिला परिच्छेद त्यांच्या शिस्तीवर होता, दुसरा ढालींवर. तिसऱ्यात ती चिठ्ठी आली, तो खिसा आला, आणि टोपलीचं ते वाक्य जसंच्या तसं. मी आवाज चढवला नाही. समितीतल्या एकानं माझी बाही ओढली. मी पान दुसऱ्या हातात घेतलं.

सर माझ्याकडे झुकले. "बर्फ कोणी आणलान रे?" हळूच म्हणाले. "तूच ना?"

"पुढच्या ओळीत आहे, सर," मी म्हटलं, आणि ती ओळही वाचली.

टाळ्या वाजल्या नाहीत. मला त्यांची दया आली नाही, आजही येत नाही. मी चौकट त्यांच्यापुढे धरली. नारळ ठेवायला जवळ जागा नव्हती, म्हणून त्यांनी चौकट काखेत घेतली आणि तसेच खुर्च्यांच्या रांगांमधून दाराकडे निघाले. मजकूर बाहेरच्या बाजूला होता.