बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

शिंपीणबाईंच्या किडन्या थकल्या होत्या, पण पुरत्या संपल्या नव्हत्या. दिवसातून तीनदा पोटातल्या नळीला पिशवी जोडायची, जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं. दवाखान्यातल्या सिस्टर दर खेपेला बजावत, "मावशी, पिशव्या आहेतच. पण तुमची स्वतःची लघवी होतेय ना, तिची सर कशालाच नाही. ती जपा. मनाने अंगदुखीची गोळी घ्यायची नाही."

बाईंना हे वेगळं सांगायला नको होतं. थोरली बहीण याच दुखण्याने गेली होती. ताई ऊठसूट गोळी घ्यायची. पाकीट आणलं की दहाच्या दहा गोळ्या एका बैठकीत टक् टक् करत पाकिटातून बाहेर काढून डबीत भरायची. तीन महिन्यांत तिची लघवी आटली आणि पुढे वर्षसुद्धा निघालं नाही.

पण पडद्यांचं मोठं काम आलं, पायमशीन चालवून कंबर धरली, आणि बाईंनी गोळ्या आणल्याच. आठ दिवसांत लघवीच्या मापाच्या भांड्यात दिवसाला आठशे मिलिलिटरच्या जागी सहाशे दिसू लागलं. 'उन्हाळा आहे,' असं म्हणत त्यांनी दुसरं पाकीट आणलं, मशीनवर ठेवलं आणि दुपारच्या पिशवीसाठी आतल्या खोलीत गेल्या. घरात त्या एकट्याच. बाहेरच्या दाराला कडी घातलेली.

नळीतून जंतू जाऊ नयेत म्हणून दार-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. पोटातलं पाणी पिशवीत उतरू लागलं. तेवढ्यात बाहेर टक् झालं.

मग पुन्हा टक्. पाकिटातून गोळी बाहेर काढल्याचा आवाज. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. नळी जोडलेली, उठायची सोय नाही.

"कोण आहे?"

आवाज थांबला नाही. घाई नाही, गडबड नाही. बाई मोजत राहिल्या. दहा झाले.

"ताई?" त्यांनी मास्कमधूनच हळू विचारलं.

बाहेर पत्र्याच्या डब्याचं झाकण करकरलं आणि सगळं शांत झालं.

बाईंनी नवं पाणी नेमाने भरलं, नळीला टोपण लावलं, मगच दार उघडलं. बाहेरच्या दाराची कडी जशीच्या तशी. मशीनवर रिकामं पाकीट, बोटाने सपाट केलेलं. आणि बटणांच्या डब्यात, शर्टाच्या पांढऱ्या बटणांमध्ये, दहा पांढऱ्या गोळ्या.

बाईंनी लगेच सिस्टरना फोन लावला.

"गोळ्या घेतल्या मी. आठ दिवस."

"मावशी! आणि लघवी?"

"सहाशे."

सिस्टरनी विचारलं, "उरलेल्या कुठे आहेत?"

"सापडल्या," बाई म्हणाल्या, "टाकते."

"टाका, आणि आत्ताच्या आत्ता निघून या."

डॉक्टरांनी खरडपट्टी काढली, किडनीला सोसेल असं दुसरं औषध दिलं, कंबर शेकायला सांगितली. बाईंनी मशीनला मोटर बसवून घेतली. दोन महिन्यांनी भांड्यात साडेसातशे भरलं आणि दिवसाला चौथी पिशवी लावायची वेळ टळली.

त्या दुपारबद्दल त्यांनी फक्त भाचीला, ताईच्या मुलीला, सांगितलं. ती घाबरून म्हणाली, "मावशी, तू माझ्याकडेच राहायला ये. तिथे भीती नाही वाटत?"

"वाटते ना," बाई म्हणाल्या. "पिशवी लावून बसले की रोज वाटते. पण ताई एवढ्या लांबून आली, आणि मी घर सोडून जाऊ?"