पाचव्या बेटावरचा कौल

माझ्या आतेबहिणीच्या पोस्टवर शेकड्यांनी लाल बदाम पडले, त्या सकाळी मी ओरोसच्या एसटीत दांडा धरून उभी होते आणि कुणाचा तरी पाय माझ्या पायावर होता. पाय दुखतोय हे मला कचेरीत पोचल्यावर कळलं. बदामांचं दुखणं जागच्या जागी सुरू झालं.

प्रकरण एका गेमचं आहे. मी सरकारी कचेरीत आवक-जावक टपाल बघणारी, चाळिशी ओलांडलेली बाई. गेमचं नाव काढलं तर आमच्या शाखेतले लोक वर्षभर हसतील, म्हणून तिथे मी अवाक्षर बोलत नाही. पण लहानपणी हातात धरून खेळायचा जो करड्या रंगाचा गेम मिळायचा, त्यातली एक जुनी साहसकथा आता नव्याने येते आहे. दीपगृहाची राखण करणारी एक मुलगी असते. दिवा विझतो. सात बेटांवरून सात ज्योती गोळा करून तिने परत यायचं. नवा गेमही हातातच धरायचा, फक्त समुद्र आता रंगीत आणि हलता. कंपनीने मिनिटभराची झलक दाखवली आणि आमच्यासारखे अर्धवट लोक कामाला लागले, की बाबा जुन्यातलं काय ठेवणार आणि काय बदलणार.

मी अशा लोकांच्या एका ग्रुपवर खोट्या नावाने आहे. तिथे माणसं झलकेतलं एकेक चित्र थांबवून बघतात. होडी आता आपली आपण चालणार का? विहिरीवरच्या म्हातारीला आवाज देणार का? देऊ नये, असं माझं मत आहे, पण मला कोण विचारतंय. सगळ्यात मोठा वाद पाचव्या बेटावरच्या दोन दारांचा. जुन्या गेममध्ये डावं दार पुढे न्यायचं आणि उजवं दार सगळ्या ज्योती काढून घेऊन पहिल्या बेटावर फेकून द्यायचं. डाव्या दाराशेजारी एक फुटका कोनाडा होता. झलकेत तो कोनाडा उजव्या दाराशेजारी दिसतो. अर्धे म्हणतात दारं बदलली, अर्धे म्हणतात कंपनी आपल्याला बनवते आहे.

या ग्रुपची महाराणी म्हणजे माझी आतेबहीण. तिच्याकडे तो मूळचा करडा गेम आहे, बंद पडलेला. तिच्याकडे तेव्हाची नकाशांची वही आहे. आणि तिने आजवर त्या कथेचा शेवट पाहिलेला नाही, मोबाईलवर फुकट बघता येत असूनही. ‘नवा गेम येईल तेव्हा स्वतः खेळून बघेन,’ असं तिने जाहीर केलं आणि तेव्हापासून ग्रुपवर नियम झाला, की तिच्यादेखत शेवटाबद्दल कुणी बोलायचं नाही. लोक तिला जपतात. शेवट मीही पाहिलेला नाही. ती थांबली आहे म्हटल्यावर मी बघितला तर मी हरले, एवढंच कारण. मला मात्र कुणी जपत नाही.

आणि ती वही, जिचे फोटो टाकून ती वाहवा मिळवते, ती माझ्या हातची आहे. बेटं, विहिरी, घंटा, सगळं मी काढलेलं, माझ्या अक्षरात.

तिचे वडील बोटीवर होते. एका रजेत त्यांनी तिकडून तो गेम आणला आणि मे महिन्यात आत्या त्यांना घेऊन माहेरी आली तेव्हा तो मसुऱ्याच्या अलीकडल्या आमच्या गावात पोचला. आम्ही दोघी बारा वर्षांच्या. ती माझ्याहून सात महिन्यांनी मोठी. सात महिन्यांत माणूस असा किती मोठा होतो? पण तिने ते मोठेपण पुरेपूर वसूल केलं. गेम तिच्या हातात, वही माझ्या हातात, हा नियम तिने पहिल्याच सकाळी केला. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर होडी वल्हवत न्यायची कंटाळवाणी मजल आली की गेम माझ्याकडे. समोर काही आलं की, “मरतलंस गो, दी हयसर!” आणि गेम परत तिच्याकडे. त्या महिन्यात मी एवढं वल्हवलं, की आमच्या गावच्या तरीवाल्यानेही वल्हवलं नसेल.

पाचव्या बेटाशी आलो आणि अडलो. विहिरीवरची म्हातारी सांगे, एक दार पुढे नेतं, एक दार सगळं घेतं. कुठलं ते सांगत नसे. आतेबहीण दोन दिवस दारांसमोर बसून राहिली. एरवी कशाला न भिणारी ती भ्यालेली बघून मला आतून इतकं बरं वाटलं, की मी दोन गरे जास्त खाल्ले.

तिसऱ्या दुपारी जेवणं उरकून सगळे आडवे झाले. तिच्या उशाशी गेम होता. मी तो उचलला आणि खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आले. मला तिच्याआधी पुढे जायचं होतं. ती उठेल तेव्हा मी सहाव्या बेटावर असेन आणि वही तिच्या हातात देईन, असा बेत. पण दारांपाशी आल्यावर मीही भ्याले. मग आमच्याकडे अडलं की जे करतात तेच केलं. आमच्या देवळात गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. त्याला कौल लावणं म्हणतात. लग्नाचा, जमिनीचा, दुखण्याचा, सगळ्याचा निकाल असा लागलेला मी पाहिला होता. गेमला कौल लावू नये असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

गेम तुळशीला टेकवून उभा केला. दोन जास्वंदीच्या पाकळ्या तांब्यात बुडवल्या, आणि पाणी जेवढं जास्त तेवढा कौल खरा, अशा समजुतीने चांगल्या निथळत्या ठेवून स्क्रीनवर चिकटवल्या. मग गाऱ्हाणं घालायला हात जोडले. विचारायचं होतं दाराचं. तोंडातून निघालं ते असं: “बा देवा म्हाराजा, ह्या गेमाचो शेवट माझ्याअगोदर तिका दिसू नये रे म्हाराजा.” गाऱ्हाणं एकट्याने घालत नाहीत, मागे चार माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. माझ्यामागे कुणी नव्हतं. तेही मीच म्हटलं.

उजवी पाकळी पडली. देव हो म्हणाला. मी आनंदाने उडी मारली आणि उडी खाली यायच्या आत स्क्रीनवर आडव्या रेघा आल्या, मग दोन्ही दारं गेली, मग काहीच उरलं नाही. सेल काढून घातले, परकराने मागून पुसला, फुंकला. शेवटी कव्हरात कोंबून तिच्या उशाशी ठेवून आले.

संध्याकाळी तिच्या वडिलांनी तिला विचारलं, “पाण्यात घातलंस?” ती गप्प. त्यांनी मारायला सुरुवात केली. बोटीवरच्या माणसाचा हात, आवाज मागीलदारापर्यंत आला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी फणसाच्या आठळ्या सोलत होते आणि सोलतच राहिले. भीती वाटत होती हे खरं, पण त्या भीतीखाली गार गार बरंही वाटत होतं, हेही आज लिहून टाकते. आता चालता गेम तिच्याकडेही नव्हता.

त्यानंतर आमचं मैत्र हळूहळू सुटलं. लग्नाकार्यात भेटलो तर साड्यांबद्दल बोलायचो. गेमचं नाव तिने काढलं नाही आणि मी कशाला काढते. ती मुंबईत चांगल्या नोकरीला लागली. तीस-एक वर्षं गेली आणि या नव्या गेमच्या निमित्ताने मला ती ग्रुपवर सापडली.

तर ती पोस्ट. तिने बंद पडलेल्या गेमचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या गावी निर्णय होत नसला की देवाला विचारतात. पाचव्या बेटावर मीही विचारलं, स्क्रीनला ओल्या पाकळ्या लावून. उजवी पडली आणि गेम कायमचा बंद झाला. पुढे मोठेपणी कळलं, की खरं दार डावं होतं. इतकी वर्षं मी समजत होते देव चुकला. आता तो कोनाडा उजवीकडे बघून कळतंय, की देव जुन्या गेमबद्दल बोलतच नव्हता!’

लोक वेडे झाले. दारं बदललीच, हा आता पुरावा ठरला. कुणी म्हणालं, पहिल्याच दिवशी मी डोळे मिटून उजव्या दाराने जाणार. कुणी पाकळ्यांचं चित्र काढून टाकलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी वही घेतली, घे बाई. पण माझं पापसुद्धा हिने आपल्या नावावर लावून घ्यावं आणि त्याचेही बदाम खावेत? मी लावलेला कौल! पाकळ्या माझ्या, पाणी माझं, धाडस माझं, आणि महाराणी ही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणायला गेले, तर चोर मीच निघत होते. कचेरीत दिवसभर मी टपालावर असे शिक्के मारले, की शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि राग एकदम निवला. तो कौल दाराचा नव्हताच, हे फक्त मला माहीत होतं. उजव्या दाराबद्दल देवाने काहीही सांगितलेलं नव्हतं, आणि दारं बदललेली नाहीत अशी माझी खात्री होती. जाऊ दे तिला. जमवलेल्या सगळ्या ज्योतींनिशी जाऊ दे त्या दाराने, आणि फेकली जाऊ दे पहिल्या बेटावर, सगळ्या ग्रुपदेखत. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्याचा सराव मला तीस वर्षांचा आहे. आठवडाभर मी फार सुखात होते.

शनिवारी तिचा मला निरोप आला, माझ्या खऱ्या नंबरवर. “गो, आपलो बत्तीचो गेम परत येता. मे म्हयन्यात तो घेऊन गावाक येतंय. पाचव्या बेटापर्यंत मी खेळतंय, पण थयसर दार तू उघड. तेवा तुका कधी धड खेळूक दिलंय नाय.”

तो निरोप मी पाच-सहा वेळा वाचला. म्हणजे ते उजवं दार मीच उघडायचं होतं, माझ्याच हाताने, तिच्याशेजारी बसून. तिचं सगळं जाणार आणि ती पुन्हा माझ्याकडे बघणार. तेव्हा हातात आठळ्या होत्या. या वेळी हातात काहीच नसणार होतं.

रविवारी सकाळी मी लिहिलं, “तो कौल मी लावलेलंय. आणि तो दाराचो नव्हतो.”

तिचा फोन लगेच आला. “तू लावलंस ता माका तेवाच ठावक,” ती म्हणाली. “कव्हर उघडला तर डावी पाकळी आतल्या बाजूक चिकटलेली. मी लावीन काय जास्वंद? तुमच्या त्या झाडार मुंगळे, मी लांबसूनच पळायचंय.”

“मगे सांगलंस कित्याक नाय?”

“माका मारून बाबा दमले होते. मगे तुका मारूक तुझे बाबा उठले असते. दोघींनी रडान गेम काय सुरू होणार होतो?”

“आणि ग्रुपार स्वतःचा नाव लावलंस ता?”

“चोरी तुझी आसली तरी मार मी खाल्लंय. गोष्ट माझी नाय?”

हा तिचा मोठेपणा, सात महिन्यांचा, आणि मला त्याचाही हेवा वाटला. बारा वर्षांची असताना मला जे जमलं नसतं ते तिला जमलं होतं.

“पण दाराचो नव्हतो तर कसलो?” तिने विचारलं.

मी सांगितलं. जसं मागितलं होतं तसं, शब्द न बदलता.

मग ती म्हणाली, “तीस वर्सां. माका वाटायचा मीच माझ्या मनान थांबलंय.”

“देवान उजवो कौल दिल्यान,” मी म्हटलं. सारवासारव म्हणून हे किती हलकट आहे, ते बोलल्यावर कळलं.

“देव काय करीत? मागलंस तसा दिल्यान.” तिचा आवाज चिडलेला होता, मग चिडका राहिला नाही. “आता त्येका दुसरा सांग. जुना मागणा मोडल्याशिवाय नव्या गेमाक हात लावचंय नाय मी. आत्ता घाल गाऱ्हाणा. मी ऐकतंय.”

मी अजून त्याच घरात राहते; तशीच खळ्यात गेले. तुळस तीच, वृंदावन नवं बांधलेलं. फोन त्याला टेकवून उभा केला, तेव्हा गेम केला होता तसाच.

“पाकळ्यो लावू नको हां,” फोनमधून आलं. “मेल्या फोनात पाणी जायत.”

हात जोडले. “बा देवा म्हाराजा, तीस वर्सांमागे ह्या लेकरान तुझ्याकडे जा काय वाकडा मागल्यान, ता मागे घेता. चुकला माकला माफ कर. आणि नव्या गेमाचो शेवट आमका दोघींका दिसू दे रे म्हाराजा.”

इथे थांबायचं होतं. जीभ थांबली नाही.

“आणि जमला तर माका आधी.”

शेजारच्या काजूच्या बागेत कुणीतरी बोंडं पाडत होतं. मग, त्या खळ्यात पहिल्यांदाच, माझ्या गाऱ्हाण्याला माझ्याखेरीज कुणीतरी म्हणालं, “व्हय म्हाराजा!”