फेरमोजणी

इथल्या हेन्डरसन उपनगरातल्या फार्मसीतले आमचे फार्मासिस्ट पुणेकर माझ्या बीपीच्या गोळ्या मोजता मोजता अमेरिकेची पंचवीस वर्षांपूर्वीची अध्यक्षीय निवडणूक पुन्हा लढवतात. "समजा," ते चष्म्यावरून बघत म्हणतात, "त्या एका राज्यात मूठभर मतं इकडची तिकडे झाली असती, तर तो दुसरा आला असता. मग युद्ध नाही, महागाई नाही, तुमचं बीपीसुद्धा नाही." मी मान डोलावतो, कारण गोळ्या त्यांच्या हातात असतात.

परवा त्यांच्या चहाच्या कपाखाली इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीच्या टपाली मतपत्रिकेचं पाकीट दिसलं, न फोडलेलं. मुदत त्याच दिवशी संपत होती. मी आठवण करून दिली.

"जाऊ द्या हो, माझ्या एका मताने काय होणारे?" असं म्हणून ते थबकले. एक गोळी कमी वाटली, म्हणून त्यांनी नव्वदच्या नव्वद पुन्हा मोजायला घेतल्या.