ओटीतून खाली पडलेला कापूस

मी दहावीले दोन खेपा बसलो. दोन्ही खेपा पेपरानं मले पायलं, म्या पेपराले पायलं, ओळख काही निघाली नाई. तरी अकोल्यात एका मोठ्या कंपनीच्या कम्प्युटर खात्यात म्या चौदा वर्षं काढले. गेलो होतो वायर ओढाले. वायर ओढून झाली, पन परत जाय असं कोनी म्हनलंच नाई.

हळूहळू पाहून पाहून फॉर्म बनवाले शिकलो. रजेचा फॉर्म, मालाचा फॉर्म, हजेरीचा फॉर्म. माह्या फॉर्मात एक घर रिकामं सोडलं का लाल चांदनी यायची आन् मानूस तिथंच अडकायचा. लोकं शिव्या द्यायचे. साहेब म्हनायचे, "चूक लोकायची असते, सॉफ्टवेअरची नसते." मले हे वाक्य इतकं आवडायचं का घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी मी खानाऱ्यालेच दोष द्यायचो.

एक दिवस कंपनीनं कामगारायले सुरक्षा शिकवाले एक व्हीआरचं हेडसेट घेतलं. डोयावर बांधाचं काळं डबडं. कंपनीत कोनती बी वस्तू आली का तिच्यावर नंबराचं स्टिकर लावाचं काम माहं. लावलं. आठ दिवस ते डबडं सुरूच होईना. मी विकनाऱ्याले फोन करू करू भांडलो. त्याचा मानूस नागपूरहून आला, डबडं हातात घेतलं आन् नखानं माहं स्टिकर काढलं. म्या ते बरोबर कॅमेऱ्यावर चिकटवलं होतं.

तो गेल्यावर म्या ते घालून पायलं. पुढं डोंगराचा कडा होता, खाली दरी. मले चांगलं ठाऊक होतं का मी ऑफिसात हावो आन् खाली फरशी हाय. तरी पाय मांगं सरकला आन् मी कचऱ्याच्या डब्यात बसलो. बसल्या बसल्या मनात एकच आलं. डोकस्याले मालूम हाय, मंग पायाले काहून मालूम नाई? चौदा वर्षांत माह्या एका बी फॉर्मानं कोनाचा पाय मांगं सरकला नव्हता. हे कसं करतात ते शिकल्याबिगर मले आता चैन पडनार नव्हतं.

हप्त्यानं सोताचं एक डबडं घेतलं, हिंदी व्हिडिओ पाहून पाहून वर्षभर शिकलो आन् साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

"चाळिशीत गेमा खेळाले चालला?" साहेबानं इचारलं.

"खेळाले नाई साहेब, बनवाले."

"ते त्याच्याहून वाईट." त्यायनं कागद ड्रॉवरात टाकला. "महिनाभर म्या हा कागद पायलाच नाई. एक तारखेले तुह्या खुर्चीवर एक तं तू बसशीन, नाई तं दुसरा."

मी अमरावतीले गेलो. तिथं एका दुकानाच्या वर पाच-सहा पोरंपोरी गेम आन् व्हीआरचं काम करतात. त्यायची मॅडम माह्याहून पंधरा वर्षानं लहान.

"शिक्षण?"

"दहावी."

"पास?"

"बसलो होतो."

ती हसली नाई. म्हनली, "एक तारखेपर्यंत काहीतरी बनवून आणा. मी हेडसेट घातलं की दहा मिनिटं काढावंसं वाटलं नाही पाहिजे. नियम काहीच नाही. जमलं तर काम आहे, नाही तर आपला चहा झाला."

नियम नाई म्हनल्यावर घरी येऊन म्या पयले एक फॉर्म बनवला.

बनवू काय? मले दोनच गोष्टी येतात, फॉर्म आन् कापूस. कापूस बी मले कुठी येते, तो मायले येते. तेल्हाऱ्याकडं तिनं अर्धं आयुष्य लोकायच्या वावरात कापूस येचला. म्या डबड्यात वावर बनवाले घेतलं. पयली पऱ्हाटी, म्हंजे कापसाचं झाड, फुलकोबीवानी निघाली. दुसरी बरी निघाली. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, एक टोपलं ठेवलं, येचलेला कापूस त्याच्यात टाकाचा. हातात काही धराचं काम नाई, डबड्याचे कॅमेरेच बोटं पायतात.

महिन्याचे दहा दिवस उरले तवा अकोल्याले जठारपेठेतल्या आमच्या खोलीत म्या मायच्या डोयावर डबडं बांधलं. पयलं काय दिसलं तिले? नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग. ते घरं म्याच भरले. मंग वावर दिसलं.

"अगो बाई," माय म्हनली. पुढच्या बोंडाले तिनं हात लावला तं समोर पाटी आली.

"हे काय लिवलं हाय?"

"'हे बोंड वेचायचे आहे काय? होय किंवा नाही.'"

"मंग वावरात मी कायले आली?"

"होय वर बोट ठेव, माय."

"परत्येक बोंडाले इचारनार हायेस का तू?"

म्या तितल्या तितं ती पाटी बंद केली. माय येचाले लागली. पयले तिनं पदर काढून कमरेले गुंडाळला, दोन्ही टोकं खोचले. ओटी झाली. मंग दोन्ही हातानं भराभर येचून त्या ओटीत टाकाले लागली. हातानं सोडलं का कापूस सरळ मातीत, कारन माह्या गेमले टोपल्याशिवाय दुसरं काही मालूमच नव्हतं.

"माय, टोपल्यात टाक. धुऱ्यावर हाय."

"एका बोंडासाठी धुऱ्यावर कोन जाते?"

"तू चुकीचं करून राहिली."

माह्या तोंडून साहेब बोलला. मायनं ऐकलंच नाई. खाली पडलेला कापूस मातीत कोन सोडते, म्हनून ती उचलाले वाकली आन् कपाटावर तिचं कपाळ लागलं.

टेंगळाले हळद लावता लावता म्या इचारलं, "ओटी भरल्यावर कसं वाटते?"

"वजन नाई वाटत. पन पोट पुढं येते. पाय दिसत नाई. मंग मानूस तासाच्या, पऱ्हाटीच्या ओळीच्या, अंदाजानं चालते."

"आन् नवीन बाईले हे कोन शिकवते?"

"कोनी नाई. ते बाजूच्या तासातल्या बाईले पायते."

म्या टोपलं काढून टाकलं आन् गेमात ओटी बसवाले घेतली. ओटी कमरेच्या कोन्या जागी येते, हात कुठून वळते, हे पायासाठी चार दिवस टॉवेल कमरेले बांधून घरभर हिंडलो. दूधवाला दारात आला तं त्यानं दूध जरा लांबूनच ओतलं. मंग माय येचते तशी तिच्या हाताची चाल घेतली आन् बाजूच्या तासात एक बाई उभी केली. तिले चेहरा नीट जमला नाई. हात जमले.

एक तारखेले अमरावती. मॅडमनं डबडं घातलं आन् थांबली.

"कर्मचारी क्रमांक अनिवार्य आहे, म्हणतंय."

फॉर्म काढाचा राहून गेला होता.

"सवय हाय मॅडम. काही बी टाका. तपासत नाई ते."

"मग घेता कशाला?"

चौदा वर्षांत हे मले कोनी इचारलं नव्हतं. तिनं एक आकडा टाकला आन् वावरात गेली.

पयलं बोंड काढलं आन् हातात धरून उभी राहिली. ठेवाचं कुठी? माह्या जिभेवर आलं होतं, पन दात दाबून बसलो. तिनं मान वळवली. बाजूच्या तासातल्या बाईले पायलं, पुन्हा पायलं. मंग तिचा हात आपसूक कमरेपाशी गेला. कापूस ओटीत पडला आन् ऱ्हायला.

मंग ती येचतच गेली. ओटी फुगली तशी पाय फाकवून सावकाश चालाले लागली. भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं झाले तवा तिनं डबडं काढलं. काही बोलाच्या आदी तिनं कुडत्याची कमर झटकली, जसं काही कापसाचं तूस लागलं होतं.

"सोमवारी या. पहिलं काम, तो फॉर्म काढा," ती म्हनली. मंग म्हनली, "ती बाजूची बाई कोण?"

"माय हाय."

खाली येऊन साहेबाले फोन केला. "साहेब, ड्रॉवरातला कागद पाहून घ्या."

"पायला," ते म्हनले. मंग म्हनले, "प्रिंटर अडकला हाय. तक्रारीचा फॉर्म कोनता भरू?"

"काही भरू नका. उजव्या बाजूनं झाकन दाबा."

"हे आदी काहून नाई सांगतलं बे?"

घरी आलो तं मायनं एकच इचारलं, "साफ येचला का तिनं? पाला तं नाई आला कापसासंग?"

"तिथं पाला लागतच नाई, माय. बोंडातून नुसता कापूस निघते."

"मंग तिले काय येचाले आलं बापा," माय म्हनली आन् पोळ्या लाटाले बसली.

सोमवारी अमरावतीच्या एसटीत बसलो तवा माह्या पिशवीत एक वाळली पऱ्हाटी होती, पाल्यासगट. कंडक्टरनं इचारलं, हे काय? म्या म्हनलं, ऑफिसचं काम हाय.